लाकडी बदकांना दिलेला शेवटचा हात

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. मास्तर म्हणत, तुझ्या ओळी मुंग्यांसारख्या, गूळ दिसेल तिकडं वळतात. ही वही कोणी वाचणार नाही असं धरूनच लिहिते आहे. तरी चुकून कोणाच्या हाती लागलीच तर चुकांबद्दल माफी असावी. बोलून सांगता आलं असतं तर लिहायला बसले नसते. मला चार माणसांत बोलता येत नाही. खरं तर दोघांतही येत नाही. आणि ज्या दोघांना हे सांगायचं होतं ते दोघंही आता नाहीत.

समोर फळीवर एक लाकडी बदक ठेवलं आहे. काल शेटजींच्या घरून आणलं. त्याची मान थोडी मागं वळलेली आहे, कोणी हाक मारल्यासारखी. चोचीचं टोक उंदरांनी कुरतडलं आहे. पोटाखाली शिशाची पट्टी, पाण्यात कलंडू नये म्हणून, आणि पुढं दोरी बांधायची बारीक कडी. नाक जवळ नेलं तर आधी धुळीचा वास येतो, मग माळ्यावरच्या जुन्या पोत्यांचा, आणि त्याच्याही मागून, अगदी शेवटी, जवसाच्या तेलाचा. तो वास आला आणि मी आमच्या पडवीत जाऊन बसले.

आमची पडवी तळ्याच्या बाजूला होती. आबा, माझे वडील, सुतार. गावात त्यांना मिस्तरी म्हणत. सकाळी पहिला आवाज यायचा तो त्यांच्या रंध्याचा, सर्र, सर्र, आणि मधे थांबून ते पात्यावर फुंकर मारत तिचा. सागाचा भुसा पायाला मऊ लागायचा. थंडीत माय त्याच भुशावर आम्हाला बसवून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत वाढी. भाजलेल्या वांग्याचा वास, भुशाचा वास, आणि कोपऱ्यात मातीच्या मडक्यात आबांचं रोगण. राळ कुटून ती जवसाच्या तेलात कढवायची, फडक्यानं गाळायची. ते मधासारखं दिसे. लहानपणी एकदा मी बोट घालून चाटलं होतं. त्याची चव अजून जिभेवर आहे.

रोगणाचा आमच्या घरात एक रिवाज होता. पाळणा, लग्नाचा पाट, बाजेचे खूर, देव्हारा, जे काही कोणाच्या घरात शुभाला जायचं त्याला शेवटचा रोगणाचा हात घरच्या लेकीनं द्यायचा. त्याचे पैसे धरायचे नाहीत. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, तेवढा एक हात फुकट. आबा म्हणत, घरातून वस्तू जाते तेव्हा लेक जाते तशीच जावी, तेल-पाणी करून. माझ्याआधी हा हात अक्काचा होता. अक्का माझी थोरली बहीण. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचं लग्न झालं, ती सासरी गेली, आणि झोक्याच्या दोरीला तिच्या हातांनी पडलेली गुळगुळीत जागा तेवढी मागं राहिली. आता तो हात माझा होता. मी दहा वर्षांची होते. पावसाळाभर वाट पाहिली, पण आबांकडं पाळणा आला तो एकच, आणि त्याला हात देताना माय शेजारी बसून होती, इकडं राहिलं, तिकडं ओघळलं, असं म्हणत.

मग थंडी पडली आणि तळ्यावर बदकं उतरली.

ती कुठून येत ते आम्हाला माहीत नव्हतं. रूपसिंगदादा म्हणे, हिमाच्या डोंगरातून. रूपसिंगदादा सातपुड्यातला भिल, पण तळ्याच्या काठी खोप करून राहायचा, शेटजींची आणि साहेबलोकांची शिकार लावून द्यायचा. त्याच्याजवळ एक शीळ होती, ओठ न हलवता वाजवायचा. ती ऐकून वरून जाणारं बदक मान खाली करी. पहाटे तळ्यावर धुकं असे, काही दिसत नसे, फक्त आवाज. हजार माणसं एकदम कुजबुजत असल्यासारखा. त्या आवाजात मी उठायची, आणि बाहेर आबांचा रंधा सुरू व्हायचा.

शेटजी नंदुरबारचे लाकडाचे ठेकेदार, मूळचे गुजराती. जंगलातल्या तोडीचा लिलाव व्हायचा आणि लिलावाचा साहेब थंडीत बदकं मारायला यायचा, तेव्हा शेटजी त्याची सगळी सरबराई करत. एक दिवस त्यांची बैलगाडी आमच्या दारात थांबली. गाडीत मोठी टोपली होती. शेटजी स्वतः उतरले, धोतर सावरत, आणि टोपलीवरचं पोतं काढलं. आत बारा बदकं. मला वाटलं मेलेली आहेत. मग कळलं, लाकडाची आहेत. कोण्या बदलून गेलेल्या साहेबाची, लिलावात घेतलेली. रंग पोपडे होऊन गळत होता. एकाचं डोकंच पांढरं पडलेलं.

"मिस्तरी," शेटजी म्हणाले, "मुंबईहून नवी मागवू तर डझनाला पन्नासेक रुपये. शू करवानु? तू यांनाच नवी कर. पण रंग मोजून घे हां. उगाच फासू नको."

आबांनी एक बदक उचललं, बोटानं ठोकलं. "लाकूड चांगलं शे," ते म्हणाले. "पानीमा ठेवतस का हे?"

"पाण्यात ठेवायचं, वरून जाणाऱ्याला वाटतं आपली माणसं बसली आहेत, तो उतरतो. मग साहेब आहे ने."

माय दारात उभी होती. गाडी गेल्यावर म्हणाली, "म्हंजे घरना मानूस दाखाडीसन परका मारना. हाई काय काम झालं?"

आबांनी टोपली उचलून पडवीत ठेवली. त्यांना काम हवं होतं.

मला अजून आठवतं, रूपसिंगदादानं रंग जुळवायला एक खऱ्या बदकाचा पंख आणून दिला. आबांनी तो पडवीच्या मेढीला खिळ्यानं ठोकला. राखाडी, तपकिरी, एकावर एक रेघा, कोणी सुईनं ओढल्यासारख्या. आणि मधे एक हिरवा पट्टा. आबांनी खडूची पूड, काजळी, गेरू घेतला, जवसाच्या तेलात खलला, त्यात टर्पेंटाइन टाकलं. रंग वाळला की अगदी कोरडा दिसायचा, राखेसारखा. मी जवळ बसून ब्रश धरून द्यायची, पंखाकडं बघत राहायची. सकाळी ऊन मेढीवर आलं की तो हिरवा पट्टा असा काही चमकायचा की त्याच्याकडं बघतानाच माझी शाळेची वेळ निघून जायची. आबांच्या बदकांवरही हिरवा पट्टा होता. पण तो चमकत नव्हता.

आठ दिवसांत बारा बदकं झाली. ओळीनं भुशावर बसवली होती. शेजारची पोरं येऊन बघून गेली. एकाचं डोकं तांबडं, एकाची शेपटी लांब, एकाची चोच चपटी, थापीसारखी. मी त्यांना नावं ठेवली होती, ती मात्र मी इथंसुद्धा लिहिणार नाही.

"आबा, यासले रोगन मी देऊ?" मी विचारलं. एवढं विचारायलाही मला दोन दिवस लागले होते.

"यासले रोगन नको. आसंच जाऊ दे."

"काबरं?"

"शेटनी सांगेल शे."

आबा असेच बोलत. कारण विचारलं की आणखी थोडकं बोलत. आणि मला वाटलं, शेटजींनी पैसे वाचवायला सांगितलं असेल. रंग मोजून घे म्हणाले होते ना. त्यांना कुठं ठाऊक की रोगणाच्या हाताचे पैसे आम्ही धरत नाही.

दुसऱ्या दिवशी आबा धानोऱ्याला गेले. कोणाच्या घराचं आढं चढवायचं होतं, दोन दिवसांचं काम. माय दुपारी तुरीच्या शेंगा तोडायला गेली. घरात मी एकटी, आणि ती बारा. ऊन पडवीत आलं होतं. पंखाचा पट्टा चमकत होता आणि ती भुशावर बसली होती, कोरडी, जत्रेला न नेलेल्या पोरांसारखी. मडक्यात पाळण्याचं रोगण उरलं होतं.

मी आधी पोटं रंगवली. मग वाळेपर्यंत मला धीर धरवेना, म्हणून डाव्या हातानं पोटाशी धरून पाठी रंगवल्या. हात चिकटत होता. एकेक बदक होत गेलं आणि पडवीत उजेड वाढत गेला. मला कोणी सांगत नव्हतं, इकडं राहिलं, तिकडं ओघळलं. कुठं राहिलंच नव्हतं. अख्ख्या आयुष्यात माझ्या हातून इतकं चांगलं काम दुसरं झालं नाही, असं मला अजून वाटतं.

माय आली. पदरातल्या शेंगा तिनं तशाच धरून ठेवल्या आणि बघत राहिली. "चांगलं दिसस वं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आबानी सांगं व्हतं का?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आज सांगता येत नाही. मायनं हो धरलं.

साहेब ठरल्यापेक्षा आधी आला. दुसऱ्याच दिवशी, ऊन उतरताना शेटजींची गाडी दारात. रोगण अजून पुरतं सुकलं नव्हतं. गाडीतल्या कडब्याच्या काड्या एकदोन बदकांना चिकटल्या. मी गाडीमागं तळ्याच्या वळणापर्यंत पळत गेले. टोपलीतून ती चमकत होती. लेक जाते तशी गेली, असं मला वाटलं.

त्यानंतरच्या सकाळी मी तळ्याकडं कान लावून बसले होते. बंदुकीचा आवाज येईल म्हणून. सुरतेकडं जाणारी गाडी शिटी देऊन गेली. कुजबूज वाढली, कमी झाली, मग एकदम पंखांचा मोठा आवाज झाला, जसं कोणी ओलं धोतर झटकावं. आणि मग काहीच नाही.

आबा धानोऱ्याहून आले आणि हातपाय धूत होते तेव्हा रूपसिंगदादा आला. तो कधी अंगणात बसत नसे. त्या दिवशी बसला.

"मिस्तरीभाऊ," तो म्हणाला, "बदकं उनात. दोन फेरा मारात. खाले येतच व्हतात. तितलामा सूर्य निंघना, अन् तुन्हा बदकं असा चमकनात, जसा बारा आरसा मांडेल. मंग कोठलं काय. गयात सगळा तापीकडे."

"चमकनात?" आबा म्हणाले.

"साहेब हसना. म्हने, हाई खेळना शेतस, पोरंसले दी टाका. दुपारनी गाडीवरी निंघी गया. शेटनं तोंड उतरी गयं." मग तो मेढीवरच्या पंखाकडं बघत म्हणाला, "पंखले चमक शे, भाऊ. पन ती उडताना. पानीवर बसनं का ते चमक झाकी लेस. म्हनीसन तं मी शेटले सांगं व्हतं, रोगन नको."

"मी रोगन दिधंच नही," आबा म्हणाले.

मी दाराआड होते. मला बोलायचं होतं. शब्द तोंडात होता, त्याला रोगणाची चव होती. आणि चुलीपाशी बसलेली माय, भाकरी थापताथापता, हात न थांबवता म्हणाली, "मी दिधं. कोरडं दिसे म्हनीसन. मन्हा हातनी चूक शे."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. भाकरीचा वास करपट झाला तरी मायनं ती उलटली नाही. मग आबा उठले, पागोटं घातलं आणि नंदुरबारला चालत गेले.

तिथं ते शेटजींना काय म्हणाले ते आम्हाला त्यांच्या तोंडून एकदाच कळलं. शेटजी पुढच्या थंडीसाठी मुंबईहून नवी बदकं मागवणार होते. अठ्ठेचाळीस रुपये.

"ते पैसा मी देसू," आबा मायला म्हणाले.

"शेटनी मांगात का?"

"नही मांगात. मी सांगं."

"अठ्ठेचाळीस. कथाईन आनशात?"

"हात शेतस ना," आबा म्हणाले.

जुनी बदकं परत आमच्या पडवीत आली. आबांनी फुटक्या बाटलीची काच घेतली आणि एकेकाची पाठ खरवडायला बसले. तो आवाज मी लिहू शकत नाही. दात शिवशिवतात. सोनेरी भुगा पडायचा, तो मी झाडून उकिरड्यावर टाकायची. पाठ, मान, डोकं, एवढंच त्यांनी खरवडलं. पोटं तशीच ठेवली. पोट पाण्याखाली जातं, तिथली चमक कोणाला दिसणार. पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. हातात बदक उताणं होतं. त्यांनी माझा डावा हात धरला, तळवा वर केला, बघितला, आणि सोडून दिला. मला वाटलं, काच लागली का ते बघत असतील. मी म्हटलं, काही नाही लागलं. ते म्हणाले, "बरं."

पुन्हा कोरडे रंग देऊन त्यांनी ती बारा शेटजींकडं पोचवली, फुकट. ती माळ्यावर गेली. नवी बदकं आली, त्यांच्यावर शिकार झाली, म्हणे चांगली झाली.

गावात गोष्ट पसरायला काय लागतं. विहिरीवर मायला नाव पडलं, चमकबाई.

"काय वं चमकबाई, आज हंडाले बी रोगन दिधं का?"

"दिधं ना," माय म्हणायची. "तुन्हा नवराले बी देसू एक हात. जरा उजेड पडी घरमा."

सगळ्या हसायच्या, मायही हसायची. पण घरी येऊन ती राख घेऊन भांडी घासायची, आणि आधी जो ताट-तांब्या आरशासारखा ठेवायची तो आता नुसता खरकटं जाईपर्यंत घासून उपडा घालायची. मी बघायची. माझ्या तोंडात तेव्हाही शब्द होता. उद्या सांगीन, असं मी रोज म्हणायची. भादव्यात पोरींची मातीची गुलाबाई बसली, पोरींनी गाणी म्हटली, खिरापत ओळखायला दिली. मी गुलाबाईसमोर बसून म्हटलं, उद्या. चौथीची पाटी धुऊन मी फळीवर ठेवली ती पुन्हा काढली नाही. मायच्या पायातली चांदीची कडी गेली. पायावर त्यांची जागा मात्र कितीतरी दिवस राहिली, गोरी, गुळगुळीत, अक्काच्या झोक्याच्या दोरीसारखी. आबा दर दिवाळीला चालत नंदुरबारला जात आणि येताना हात रिकामे असत. कधी चार रुपये, कधी तीन. एका वर्षी दीडच. त्या वर्षी ते माझ्याकडं पाठ करून जेवले.

आबा मायशी वाईट बोलले असते तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले. ते कधीच बोलले नाहीत. पण रोगण कढवणं त्यांनी कमी केलं. मडकं कोपऱ्यात सुकलं. पाळणे आमच्या घरातून शेवटच्या हाताशिवाय जायला लागले, आणि मला कोणी विचारलंही नाही.

एकदाच. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. आबांनी पाट केला होता माझ्यासाठी, कडेला वेलबुट्टी कोरलेला. सकाळी मी पडवीत गेले तर पाट भुशावर ठेवलेला, शेजारी वाटीत ताजं रोगण, वाटीवर नवा ब्रश आडवा. आबा अंगणाच्या टोकाला, माझ्याकडं पाठ करून, उगाच करवतीला कानस लावत होते. मी उभी राहिले. उन्हात ते रोगण मधासारखं दिसत होतं. मला वाटलं, ही माझी परीक्षा आहे. मला वाटलं, ब्रश हातात धरला की सगळ्यांना कळेल. मी घरात निघून गेले. दुपारी वाटी उचललेली होती. पाट कोरडाच राहिला, आणि मी त्या कोरड्या पाटावर बसून लग्न केलं.

सासर नंदुरबारला. इथं हवेतच मिरची. पौषात गावाबाहेरच्या मोकळ्या पथाऱ्यांवर मिरची वाळत घालतात, लांबून वाटतं जमीन जखमी झाली आहे. आम्ही बाया देठं खुडतो. संध्याकाळी हात पाण्यात घातले की पाणीही पेटतं. लेकराला जवळ घ्यायचं तर कोपरांनी घ्यावं लागतं. त्या जळजळीला मी कधी नाव ठेवलं नाही. मला ती आवडायची असंही म्हणवत नाही, पण हातांना काहीतरी होतं आहे हे बरं वाटायचं.

माय लढाईच्या दुसऱ्या वर्षी गेली. तापानं. शेवटच्या दिवशी तिच्या उशाशी मी एकटी होते, पुष्कळ वेळ होता. तिनं मला विचारलं, तळ्यावर बदकं आली का. मी म्हटलं, आली. तेवढंच बोलले.

आबा गेल्या वर्षी. जाण्याआधी चार दिवस त्यांनी बोटं मोजली. "तीन रुपया ऱ्हाई गयात," ते म्हणाले. कशाचे ते सांगायची गरज नव्हती.

"मी देसू," मी म्हटलं.

"तू काबरं?"

मी त्यांचं पांघरूण नीट केलं. ते माझ्याकडं बघत राहिले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, दिसत किती होतं कोण जाणे. मग म्हणाले, "बरं. तूच दे."

तीन रुपये मिरचीच्या मजुरीतून जमायला मला या थंडीपर्यंतचे दिवस लागले. घरातल्यांना सांगितलं नाही. पदराच्या गाठीत बांधून काल शेटजींकडं गेले.

ते आता फार म्हातारे झालेत. बैठकीवर लोडाला टेकून बसले होते, अंगावर उन्हाळा-हिवाळा एकच बंडी. मी कोणाची कोण हे मोठ्यानं सांगावं लागलं. मला मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून दोनदा सांगितलं.

"मिस्तरीची? अरे, ये बेटा, बस," ते म्हणाले. मग काही आठवल्यासारखे हसले. "तुझ्या बापाची बदकं आहेत ने माझ्याकडं. माळ्यावर पडली आहेत. एक घेऊन जा. आठवण." आणि गड्याला हाक मारून टोपली उतरवायला लावली.

टोपली जमिनीवर ठेवली. बारा होती. इतक्या वर्षांच्या धुळीनं ती आणखी कोरडी झाली होती, अगदी खऱ्यासारखी. आता पाण्यात सोडली तर वरून जाणारा कोणीही उतरला असता. मी हाती आलं ते उचललं. ते उताणं झालं.

पोटावरचं रोगण तसंच होतं. पिवळं पडलं होतं, पण होतं. आणि त्यात बोटं उमटलेली होती. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला अंगठा. डाव्या हाताची. इतकी लहान की माझं आताचं एकेक बोट त्यांवर ठेवलं तेव्हा दोन-दोन झाकली गेली. मी दुसरं उचललं. त्याच्याही पोटावर. तिसऱ्याच्याही. सगळ्या बाराच्या पोटांवर दहा वर्षांच्या पोरीचा हात होता. सुकत्या रोगणात वाळलेला, रेघान् रेघ.

मायचे हात मोठे होते. भाकरी थापून तिची बोटं चपटी झाली होती.

आबांनी ही बारा एकेक करून मांडीवर घेतली होती. लाकडातली गाठ ते डोळे मिटून अंगठ्यानं ओळखायचे. माझा हात त्यांनी धरला होता, तळवा वर केला होता, आणि "बरं" म्हटलं होतं.

म्हणजे त्या दिवसापासून. करपलेल्या भाकरीच्या दुसऱ्या दिवसापासून. माय मला झाकत राहिली आणि ते मायचं झाकणं झाकत राहिले, आणि मी त्या दोघांच्या मधे भाकरी खात होते. आणि तो पाट, ती वाटी, तो नवा ब्रश.

"शेटजी," मी म्हटलं, "रोगण मी दिलं होतं. मायनं नाही."

"कसलं रोगण, बेटा?"

"बदकांना. साहेब आला होता तेव्हा."

ते आठवू लागले. कपाळाला आठ्या घातल्या. "साहेब तर पुष्कळ आले," ते म्हणाले. "तुझा बाप दिवाळीला यायचा. पैसे द्यायचा. मी म्हणायचो, राहू दे मिस्तरी. तो ऐकायचा नाही. कशाचे होते ते... माझ्या ध्यानात नाही आता."

मी पदराची गाठ सोडली. बोटांना मिरची होती, गाठ घट्ट होती, दातांनी सोडावी लागली. जीभ पेटली.

"राहू दे ने," ते म्हणाले.

मी पहिला रुपया बैठकीवर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. डाव्या हातानं ठेवले, देताना उजवा वापरतात हे मला माहीत आहे. शेटजींनी ते गोळा केले, मोजले नाहीत, मुठीत धरून बसले.

"झाले का सगळे?" त्यांनी विचारलं.

"झाले," मी म्हटलं. अठ्ठेचाळीस पूर्ण झाले.